न कळवता जायचं नाही

"कुठे? कशाला? परत कधी?"

आमचे हेडक्लार्क, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, चष्म्यावरून बघत हे तीन प्रश्न विचारायचे. समोरचा नुसता पाणी प्यायला उठला तरी विचारायचे. कोणी उत्तर न देता सटकलाच तर मागून हाक यायची, "अहो, न कळवता जायचं नाही!" तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. पण आमच्या नानांना ही खोड एका जर्मन माणसामुळे जडली होती.

दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. ठाण्याच्या आमच्या लोकरीच्या गिरणीत नवीन यंत्रं आली आणि ती चालवायला शिकवायला हा साहेब आला. परदेशी माणूस कामावर ठेवायचा म्हणजे गिरणीने त्याच्यासाठी पोलिसांना जबाबदार राहायचं. तो राहतो कुठे, जातो कुठे, सगळं लेखी द्यायचं. त्याच्या मुक्कामाची परवानगी दरवर्षी नव्याने काढायची. तो कोणाच्या घरी वस्तीला राहिला, तर त्या घरवाल्याने पोलिसांत वर्दी द्यायची. ही सगळी फाइल नानांकडे होती. मी त्यांचा टायपिस्ट, म्हणजे कटकटीचा पहिला मानकरी.

साहेबाचा पाय गिरणीने दिलेल्या बंगल्यात ठरेल तर शपथ! आज खाडीवर मासे पकडायला, उद्या दिवा गावात फिटरच्या घरी जेवायला. नाना छत्री घेऊन त्याच्या मागे. एकदा तर मिठागराच्या चिखलात गुडघाभर उभं राहून त्यांनी त्याची सही घेतली. साहेब फिटर लोकांकडून मराठी शिकला होता. तो हसत म्हणाला, "नाना, माजी आय पन एवरा इचारत नव्हती."

"तिला पोलिसांना उत्तर द्यायचं नव्हतं," नाना म्हणाले आणि चिखलात रुतलेली चप्पल शोधू लागले.

त्या वर्षी नानांनी त्याला गणपतीच्या जेवणाला डोंबिवलीला घरी बोलावलं. वहिनी वाढत गेल्या, साहेब खात गेला. किती उकडीचे मोदक खाल्ले ते गणपतीलाच ठाऊक. शेवटी असा आडवा झाला की दोन दिवस उठलाच नाही. वहिनी मऊ भात भरवत होत्या, नाना शेजारी बसून वारा घालत होते. आणि या गडबडीत, काय सांगू तुम्हाला, जगाला कळवायला लावणारा हा माणूस स्वतः वर्दी द्यायला साफ विसरला!

नेमका तेव्हाच पोलीस शिपाई बंगल्यावर चौकशीला गेला. साहेब गायब. पाठोपाठ गिरणीला पत्र आलं: खुलासा करा, नाहीतर परवानगी वाढवून मिळणार नाही.

मॅनेजरने मिनिटात तोडगा काढला. "साहेब न सांगता गेला असं लिहा. आपण सुटलो."

गिरणी सुटली असती, पण साहेबाला गाशा गुंडाळावा लागला असता. आणि जाणार कुठे? त्याचं घर बॉम्बने पडलं होतं. आईही त्यातच गेली होती. मिठागरात तो जिच्याबद्दल हसला, तीच आई.

नाना माझ्यापाशी आले. "टाइप कर. सदर इसम माझ्या घरी होता. वर्दी देण्याची जबाबदारी माझी होती, मी दिली नाही. मुक्काम लांबण्याचं कारण, मोदक."

"नाना, मोदक नको हो!"

"का? खोटं आहे का?"

पोलीस अधिकाऱ्याने ते पत्र दोनदा वाचलं म्हणे, आणि हसू दाबत साहेबाची परवानगी वाढवून दिली. मॅनेजर मात्र हसला नाही. नानांची हेडक्लार्कची खुर्ची गेली. त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं आणि साहेबाची फाइल माझ्या गळ्यात पडली. मला नानांचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

"सांभाळ रे," फाइल देताना ते म्हणाले. "तो सांगून जात नाही."

खरंच जात नव्हता. दोन वर्षं मीही त्याच्या मागे धावलो. नाना कोपऱ्यातून गंमत बघायचे आणि साहेब दारातून निसटताना सवयीने तिन्ही प्रश्न टाकायचे.

मग एका सकाळी डोंबिवलीहून निरोप आला, नाना गेले. मी अजून खुर्चीतून उठलोही नव्हतो, तेवढ्यात साहेब टेबलासमोर येऊन उभा राहिला. टोपी हातात. जाण्याआधी सांगायला तो पहिल्यांदाच आला होता.

मी फॉर्म काढला.

"कुठे?"

"डोंबिवली."

"कशाला?" मला ठाऊक होतं, पण रकाना भरायचा होता.

"घरात मयत हाय."

मी तसंच लिहिलं. परत कधी, ते काही मला विचारवेना. तो रकाना मी कोरा ठेवला आणि त्याच्याबरोबर निघालो.