खिशातला भंडारा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बोटीवरच्या दोस्तांनाही नाही — आणि बोटीवर दोन घोट पोटात गेल्यावर माणूस काय काय बरळतो, ते विचारू नका. तरी हे नाही निघालं तोंडातून. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. बसा जरा.

मी जहाजावरचा इंजिनियर. आता समुद्रावर जात नाही. सिंगापूरच्या उत्तरेला एका यार्डात दुरुस्तीला आलेल्या बोटी बघतो. राहतो बुकित बातोकला. रोज MRT नं जाताना क्रांजी स्टेशन लागतं आणि त्याच्या समोर रेसकोर्स — म्हणजे होतं. बंद झालं ते. गवत दिसतं, घोडे नाहीत. सगळा डबा फोनमध्ये डोकं घालून बसलेला, आणि मी एकटा खिडकीला नाक लावून. काय बघतोस रे बाबा? पण तिथं आलं की मला घोड्याच्या घामाचा वास येतो, बंद एसी डब्यात, रोज सकाळी. त्याला मी काय करू?

आमच्या गावची शर्यत असली नव्हती. साताऱ्याकडचं दुष्काळी गाव आमचं. ना मैदान, ना तिकीट, ना पगारी जॉकी. ज्याचा घोडा त्यानंच बसायचं, किंवा त्याच्या घरातल्या कुणीतरी. चैत्रात ज्वारी निघून रानं मोकळी झाली की खंडोबाची जत्रा, आणि त्या दिवशी वेशीपासून डोंगरावरच्या देवळापर्यंत घोडी सोडायची. रानातून, बांधावरून, ओढ्यातून. वर पुजारी घोड्याच्या कपाळाला भंडारा फासणार, की देवळामागच्या उतारानं माघारी, ओढ्यापाशी पुन्हा त्याच वाटेला. पूर्वी म्हणे पालखीसाठी वरचा भंडारा आणायला घोडेस्वार धाडत. पहिला आला की पालखी उठायची. त्याचीच पुढं शर्यत झाली. कपाळ पिवळं असलेला पहिला घोडा वर्षभर मानाचा. पालखीच्या पुढं तोच चालणार. बाकी काही मिळायचं नाही, एक फेटा सोडून. पण त्या मानासाठी लोक वर्षभर घोड्याला स्वतःच्या पोराआधी चारायचे, खरं सांगतो.

आता गावातल्या पोरांनी ती शर्यत पुन्हा सुरू करायचं मनावर घेतलंय. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आणि मला गळ घातली — काका, तुम्ही शेवटचे विजेते, शर्यतीचा इतिहास तुम्हीच लिहा. शेवटचा विजेता! माझी मुलगी इथं जन्मलेली, तिला तर भलताच अभिमान. मैत्रिणींना इथल्या सिंगापुरी हेलात सांगते, "माय डॅड वॉज चॅम्पियन, लाह!" मी हसतो. दरवेळी हसतो.

आता नामाबद्दल सांगायला पाहिजे. तेच तर टाळतोय मघापासून.

नामदेव माझा जिवाचा मित्र. घोड्यावर मला बसवलं त्यानंच. त्याची घोडी चांदणी — काळी, कपाळावर एवढासा पांढरा ठिपका — आणि आमच्या दादांचा राजा. दादा म्हणजे माझे वडील. गावच्या पंचांत बसायचे. आम्ही दोघं उन्हं कलली की घोडी घेऊन रानात. बोलायचो काय? काहीच नाही विशेष. नुसतं शेजारी शेजारी चालायचं. आख्खं जग फिरलो मी, अहो, पण तसं शेजारी चालणारं माणूस पुन्हा भेटलं नाही. कधीकधी यार्डातून घरी येताना इतकी आठवण येते त्याची, की स्टेशन आलं तरी उठवत नाही.

असो. डोंगराच्या अलीकडं एक ओढा आहे. चैत्रात कोरडा, पण पलीकडची दरड उभी. शेवटच्या शर्यतीच्या आदल्या वर्षी राजा तिथं घसरला होता आणि माझा खांदा निखळला होता. त्या शेवटच्या शर्यतीत नामा आणि मी सगळ्यांच्या पुढं. ओढा आला. चांदणी खाली उतरली आणि दरड चढून गेलीसुद्धा. आणि मी — मी लगाम ओढला. राजा जायला तयार होता. मीच भ्यालो. मागची घोडी येताना ऐकू आली, तसा मी ओढ्याच्या पात्रातून बाजूला बाभळीत शिरलो. ती धुरळा उडवत निघून गेली. त्यांना वाटलं असेल, मी पुढं आहे.

तेवढ्यावर थांबलो असतो तर भित्रा ठरलो असतो, बस्स. पण खिशात भंडाऱ्याची पुडी होती. आईनं निघताना घातली होती, पोरगं पडू नये म्हणून. ती मी सोडली. राजाच्या कपाळाला भंडारा फासला. मग बाभळीत वाट बघत राहिलो. भीतीच्या भरात झालं, असं स्वतःला फार वेळा सांगून पाहिलंय. पण वाट बघत बसण्यात कसला आलाय भर? वरून चांदणीच्या टापा ऐकू आल्या तसा बाहेर पडलो आणि नामाच्या आधी वेशीत शिरलो. पालखी उठली. आईच्या पुडीतल्या भंडाऱ्यावर उठली ती.

नामा आला, उतरला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ह्यो वर आलाच न्हाई." पुजाऱ्याला खाली बोलावलं. त्याला धड दिसायचं नाही. म्हणाला, मी कपाळं रंगवतो, वर कोण बसलंय ते बघत नाही. मग पंचांनी ताटात भंडारा मांडला. आमच्याकडं भंडारा उचलणं म्हणजे देवाची शपथ. खोट्यानं उचलला तर घराचं वाटोळं होतं, असं सगळेच मानायचे. ज्यानं आरोप केला त्यानं आधी मूठ भरायची, मग दुसऱ्यानं. दुसऱ्याला उचलता आला नाही, तर त्यानं तिथंच कबूल व्हायचं.

नामानं हात पुढं केला. माझ्याकडं पाहिलं. आणि हात मागं घेतला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "माझ्याच नजरंची चूक आसंल."

गाव उसळलं हो. जिंकणाऱ्यावर आळ घेतो आणि भंडारा उचलायला कचरतो? त्या दिवसापासून त्याचं नाव खोटा नामा पडलं. शेंबडी पोरंसुद्धा म्हणायची. पावसाळ्याआधी त्यानं चांदणी विकली आणि पुन्हा घोड्यावर बसला नाही. पुढल्या वर्षी शर्यतीत काही राम उरला नाही, मग ती बंदच पडली. मी तोवर मुंबईला, तिथून बोटीवर. सुटलो.

परवा इतिहास लिहायला बसलो आणि शेवटच्या विजेत्याशी आल्यावर फोनवरचं बोट पुढं जाईना. नामाला फोन लावला. इतक्या वर्षांत कामापुरता बोललो असेन, लग्नाकार्याला. म्हटलं, नामा, मी वर गेलो नव्हतो.

तो हसला. चक्क हसला! "आरं, ते ठावं हाय की मला. वर मी अन् पुजारी, दोघंच हुतो."

मग हात मागं का घेतलास?

"तू काय भंडारा उचलला नसतास," नामा म्हणाला. "मला काय तू ठावं न्हाईस व्हय? खोटी शपथ तुझ्यानं झाली नसती. भर गावात कबूल झाला असतास, अन् दादा तिथंच पंचांत बसल्यालं. त्यांनी तोंड कुठं लपवायचं? म्हनून म्हटलं, जाऊ दे." मग विचारलं, "बरूबर हाय न्हवं?"

मी म्हटलं, "बरोबर आहे."

ग्रुपवर मी खरं ते लिहून टाकलं — शेवटचा मान चांदणीचा, नामदेवचा. मी ओढ्यातूनच फिरलो होतो. पोरांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. काका, मन मोठं लागतं याला. मुलीला वाचून दाखवलं तर तिनं मिठी मारली. नामाचाही निरोप आला, जत्रेला ये, दोघं मिळून घोडी सोडू. म्हणजे सगळं छान झालं, नाही का?

पण ताटापाशी मी त्याच्या समोरच उभा होतो. कॉलेजात शिकलेला, देवबिव न मानणारा. त्यानं हात मागं घेतला तेव्हा माझी मूठ आधीच वळलेली होती. दादांसमोर, देवासमोर, त्याच्या डोळ्यांत बघत मी भंडारा उचलला असता. जराही थांबलो नसतो.

तो ज्या माणसासाठी खोटा ठरला, तो माणूस तिथं नव्हताच. हे त्याला मी सांगितलेलं नाही.