ऐकायला पाठवलेला माणूस

थोरला सुतार रविवारी चर्चमध्ये बाकाच्या टोकाला बसत नाही. एक माणूस मावेल एवढी जागा सोडून बसतो. ती जागा धाकट्या भावाची. पूर्वी दोघं एकाच गीतांच्या पुस्तकातून गात. वरचा सूर थोरल्याचा, खालचा धाकट्याचा. धाकटा ही मंडळी, म्हणजे हे चर्च, सोडून गेला आणि थोरल्याचं गाणं पाय तुटलेल्या स्टुलासारखं झालं. गातो अजून, पण जीव मुठीत धरून.

भांडण पेल्यावरून झालं. त्यांच्या ल्यूथरन मंडळीत प्रभुभोजनाच्या विधीत सगळे एकाच पेल्यातून द्राक्षारस पीत. एकदा आजाराची साथ येऊन गेली आणि काही जण म्हणाले, प्रत्येकाला छोटा वेगळा पेला द्या. मंडळीचे पंच ढिम्म. मग धाकट्यानं सागाची फळी रंधली, भोकं पाडली, छोटे पेले बसतील असं तबक केलं आणि कुणाला न विचारता वेदीवर नेऊन ठेवलं. जी आरडाओरड झाली तिच्यात धाकट्यासकट अर्धी मंडळी उठून गेली आणि वेगळी भरू लागली. तबक मागे राहिलं. पंचांनी ते थोरल्याच्या हातात कोंबलं, "तुमच्याच घरचं आहे," म्हणून. तेव्हापासून थोरला त्यात स्क्रू ठेवतो. भावाभावांचं बोलणं बंद.

बऱ्याच वर्षांनी गेलेल्यांनी सगळ्या मंडळ्यांच्या महासभेकडे अर्ज केला. आम्हाला परत घ्या, छोट्या पेल्यांसकट घ्या. महासभेत प्रत्येक मंडळीकडून पाळक, म्हणजे तिचा धर्मगुरू, जातो आणि सोबत एक साधा सभासद, प्रतिनिधी म्हणून. दोघांच्या मताचं वजन सारखं. यंदा मंडळीनं थोरल्याला निवडलं.

पंचांतला मोठा म्हणजे किराणा दुकानदार. तो म्हणाला, "जायचं आणि नाही म्हणून यायचं. हात खाली ठेवायचा. काही कष्ट आहेत का त्यात?"

"एवढंच काम असेल तर माझी टोपी पाठवा," थोरला म्हणाला.

पाळक हसले. "मंडळी माणूस पाठवते, बांधलेलं मत नाही. तिथे ऐकायचं, देवाला स्मरून मत द्यायचं आणि परत येऊन सगळ्यांसमोर सांगायचं. शेवटचं काम सगळ्यात जड."

निघताना बायको म्हणाली, "मत देताना भावजींच्या तोंडाकडे बघू नका."

"तो कशाला येतोय तिथे?"

"त्यांच्याकडून दुसरं बोलणार कोण?"

तिचं खरं निघालं. पाहुण्यांच्या मागच्या बाकावर धाकटा बसला होता. डोक्यावरचे केस गेलेले, बसायची तऱ्हा तीच, एक खांदा पाडून. पाहुण्यांना बोलायची मुभा होती, मताची नव्हती.

एका पाळकांनी त्याला विचारलं, "एका पेल्याकडे परत याल?"

धाकटा उठला. "फक्त एकाच पेल्याकडे, तर नाही. पण तुम्ही तुमचा पुढे केलात तर त्यातूनही पिऊ. आम्हाला पेला बदलून नको आहे, तुमच्या शेजारी बसायचं आहे."

इतकी वर्षं थोरल्याला हेच ऐकायचं होतं, आणि म्हणूनच स्वतःच्या हाताचा भरवसा वाटेना. तो उभा राहिला. "बोलला तो माझा सख्खा भाऊ. माझं मत त्याच्याकडे झुकणार. मी द्यावं का?"

अध्यक्षबाई निवृत्त नर्स होत्या. "धंद्यात भागीदारी आहे?"

"साधं बोलणंही नाही."

"मग खाली बसा. माया असली म्हणून कुणी मत गमावत नाही. फक्त मायेनं मत देऊ नका."

सरस लावलेला सांधा, दाबून धरणारा शिकंजा काढल्यावर टिकतो का, यावर सुताराची परीक्षा होते. थोरल्यानं मनातल्या मनात शिकंजा काढला. हेच शब्द कुणा परक्याच्या तोंडी घातले. एक पेला की अनेक, याची ना शास्त्रात सक्ती, ना मनाई. परका असं म्हणाला असता तर त्याला दाराबाहेर ठेवलं असतं का? नसतं ठेवलं. सांधा टिकला. त्यानं हात वर केला. गेलेल्यांना परत घ्यायचा ठराव मंजूर झाला.

जेवणाच्या रांगेत धाकटा मागे येऊन उभा राहिला.

"दादा, तबक जाळलंस?"

"स्क्रू ठेवतो त्यात."

"बसतात?"

"तुझी भोकं नेहमी मोठीच."

"खोटं."

तेवढ्यात त्याच्या लोकांनी बससाठी हाक मारली, आणि तो ताट तसंच ठेवून गेला.

रविवारी थोरल्यानं मंडळीपुढे उभं राहून सगळं सांगितलं. काय ऐकलं ते आधी, काय केलं ते नंतर. एकही वाक्य गाळलं नाही.

दुकानदार म्हणाला, "तुला नाही म्हणायला पाठवलं होतं."

"ऐकायला पाठवलं होतं. ऐकलं."

"पुढच्या खेपेला दुसरा पाठवू."

"पाठवा. कान त्यालाही असतील."

पाळकांनी जाहीर केलं, पुढच्या महिन्यात दोन्ही मंडळ्यांची उपासना एकत्र होईल. धाकटा येईल की नाही, कुणी सांगितलं नाही, थोरल्यानंही विचारलं नाही.

घरी येऊन त्यानं तबकातले स्क्रू जुन्या डब्यात ओतले आणि पॉलिश पेपर घेऊन बसला. भोकं मोठी नव्हतीच. एकसारखी, नेटकी, हात फिरवत राहावा अशी. फक्त कडांत स्क्रूंचा गंज मुरला होता.

"निघेल का तो?" बायकोनं विचारलं.

"सगळा नाही निघायचा," तो म्हणाला, आणि पुढचं भोक घासायला घेतलं.