समोरचा कोपरा
भिजलेल्या चुन्याचा वास आला की आमचं बाजारहत्नूर गाव अजून आंध्रात होतं तेव्हाची, कपाशीच्या शेतातली पडकी मशीद आठवते. तिला मिनार नव्हतेच; चार बुटक्या कमानींवरचा एकच घुमट उरला होता. आई गेली त्या वर्षी वडील मला तिथं घेऊन गेले. कापूस वेचणारी एक बाई चपला काढून आत आली नि म्हणाली, "या कोपऱ्यात बोललं तं गेलेल्या माणसाले ऐकू जाते, गुरुजी." वडील नुसते हसले. मी समोरच्या कोपऱ्यात वटवाघळं पाहत होते. एकाएकी भिंतीतून, अगदी कानाशी, त्यांचा आवाज आला, "पोरगी झोपेत तुलेच हाका मारून राह्यली. काय सांगू तिले?" वळून पाहिलं, तर ते दूर, बाईनं दाखवलेल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे. आता तेही नाहीत. घराला चुना दिला, की मी कोपऱ्याला कान लावून उभी राहते.