काळ्या कुड्याचा अहवाल

मुंबईच्या एका प्रयोगशाळेत मी साहाय्यक होतो. साहेबांनी गावठी औषधं तपासायला घेतली होती. रक्ती आवेवर कुड्याच्या झाडाची साल चालते हे मीच त्यांना सांगितलं. गुहागरजवळच्या आमच्या गावात आत्या ती उगाळून ताकातून द्यायची. उठायची ताकद नसलेली माणसं तिच्या औषधाने चालती झालेली मी पाहिली होती.

सुट्टीत गेलो तेव्हा आत्या स्वतः कोयती घेऊन गावामागच्या कातळाच्या सड्यावर चढली. "पांढऱ्या कुड्याचंच मूळ हवं हो, काळ्याचं नको," असं बजावत तिने मुळाची साल काढून दिली. चिठ्ठी लावून मी ती साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पुडकं सोडलंसुद्धा नाही. बाजारातून पोतंभर साल आणवली, तीच तपासली आणि अहवाल लिहिला: कुड्यात औषधी द्रव्य नाही, ही अडाण्यांची समजूत आहे.

अडाणी! माझं डोकंच फिरलं. पोत्यातला तुकडा खिशात घालून मी बोटीने दाभोळला उतरलो, तिथून घर गाठलं. आत्याने तो दाढेखाली धरला आणि थुंकून टाकला.

"हा काळा कुडा. कडू कुठाय? तुझ्या साहेबाला जीभ नाही का रे?"

परत आल्यावर तिची साल मी स्वतः तपासली. तपासणीच्या द्रावाचा थेंब टाकताच नळीत पांढरट साका बसला. अल्कलॉइड, म्हणजे सालीतलं औषधी द्रव्य, होतं, चांगलं भरपूर होतं. नळी तशीच साहेबांपुढे धरली.

"पोत्यातली साल दुसऱ्याच झाडाची होती."

"अहवाल छापायला गेलाय," ते म्हणाले. "आता मागे घेऊन हसं करून घेऊ?"

"तो वाचून डॉक्टर रोग्यांना हे औषध बंद करायला लावतील."

"तुमच्या आत्याबाई रसायनशास्त्र शिकल्यात वाटतं?"

"नाही. पण झाड ओळखतात. आपल्याला तेवढंही जमलं नाही."

त्यांनी मला खोलीबाहेर काढलं. त्याच दिवशी मी राजीनामा दिला आणि रत्नागिरीला शाळामास्तर झालो. अहवाल जसाच्या तसा छापून आला. तो दाखवून दवाखान्याच्या डॉक्टरने आत्याला चारचौघांत झापलं. दुसऱ्या दिवशी मात्र दारात आलेल्या बाईला तिने साल उगाळून दिलीच.

काही वर्षांनी साहेबांचा नवा लेख आला: पांढऱ्या कुड्यात अल्कलॉइड सापडलं, म्हणे! जुन्या चुकीचा उल्लेख नाही, आत्याचा तर नाहीच. लेख मी वर्गात वाचून दाखवला आणि त्यात काय दडवलंय ते मुलांना सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला होता. तो मी खाली आणला नाही.