दुभाष्याचा निधी

सल्लागार समितीवर माझी नेमणूक झाली तेव्हा घरच्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. आता ते पेढे आठवले तरी तोंड कडू होतं.

समिती विभागीय. दिव्यांगांच्या प्रश्नांवर शासनाला सल्ला द्यायचा, एवढंच तिचं काम. माझ्या लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही, तिच्यामुळं मला खुणांची भाषा येते, म्हणून मी पालकांची प्रतिनिधी. सल्ला कुणी मागत नव्हतं आणि दिलेला कुणी घेत नव्हतं. वार्षिक निधी मात्र न चुकता यायचा, आणि तो मार्चच्या आत संपवायचा असतो हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. मग चहा, बॅनर, शाली, नारळ. एकदा तर थंड हवेच्या ठिकाणी अभ्यास दौरा काढला. मी गेले नव्हते. कसला अभ्यास केला, असं विचारलं तर सदस्य सचिव म्हणाले, "तिथले रॅम्प बघितले, मॅडम." रॅम्प बघून आलेल्या ह्या लोकांची बैठक पहिल्या मजल्यावर व्हायची आणि लिफ्ट कायम बंद.

हे सचिव म्हणजे तोंडात खडीसाखर ठेवून बोलणारा माणूस. कधी आवाज चढवला नाही, कधी नाही म्हणाला नाही. अशा माणसाशी भांडता येत नाही, आणि मला तर भांडल्याशिवाय जमत नाही.

बैठकीत माझ्या शेजारी उस्मानपुऱ्यातला एक शिंपी बसायचा. मी त्याला भाई म्हणते. कर्णबधिरांचा प्रतिनिधी म्हणून त्याला घेतलं होतं, पण बैठकीत काय चाललंय ते त्याला सांगायला माणूस ठेवावा हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ते काम मी करायचे, हातांनी. एकदा अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुमच्या हातवाऱ्यांनी आमचं लक्ष विचलित होतंय." मी म्हटलं, मग डोळे मिटून घ्या, नाही तरी तुम्ही डुलक्याच घेता. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करते.

भाईच्या बायकोलाही ऐकू येत नाही. दोघं एका खोलीत राहतात. त्याला कपड्याची मापं लिहिता येतात, त्यापुढं वाचन नाही. तिला तेवढंही नाही. त्यांचं पहिलं मूल बाळंतपणातच गेलं, आणि का गेलं हे आजवर दोघांना कळलेलं नाही, कारण दवाखान्यात जे काय सांगितलं ते तोंडानं सांगितलं. भाई समितीवर आला तो ह्या एकाच गोष्टीसाठी. बाळंतपणाच्या सरकारी दवाखान्यात खुणांची भाषा येणारा दुभाषी पाहिजे, बोलावला की येणारा.

एप्रिलमध्ये, वर्षाच्या पहिल्या बैठकीत त्यानं हे हातांनी सांगितलं आणि मी तोंडानं. सगळ्यांनी मान्य केलं. दुभाष्याच्या मानधनाचं स्वतंत्र हेड, म्हणजे खर्चाचं खातं, उघडलं, त्यात पैसे टाकले. मी लेकीला पुरणपोळी करून घातली त्या दिवशी.

नंतर फाईल फिरायला लागली. चितेगावच्या एका मुलीनं अर्ज केला होता, शिकलेली, हात असे चालायचे की बघत राहावं. तिची अर्हता तपासणी चालू आहे, असं सचिव दर खेपेला सांगायचे. ती मुलगी मला फोन करून करून थकली आणि शेवटी तिथल्याच एका कंपनीत पॅकिंगला लागली. तिला तरी काय म्हणावं, पोट आहे.

तेवढ्यात भाईच्या बायकोला दिवस गेल्याचं कळलं.

फेब्रुवारीतल्या बैठकीचा निरोप आदल्या संध्याकाळी मोबाईलवर आला. मी पिशोरला होते, चुलत्याच्या दहाव्याला. कळवलं की दोन दिवसांनी घ्या. उत्तर नाही. परत आल्यावर कार्यालयात गेले तर सचिव म्हणाले, "बसा मॅडम, चहा घ्या. ते दुभाष्याचे पैसे लॅप्स झाले असते हो. म्हणून जनजागृती मेळाव्याला वळवले. सगळ्यांच्या संमतीनं."

"भाईनं दिली संमती?"

"अनुमोदन त्यांचंच आहे की. हात वर केला त्यांनी, सगळ्यांसमोर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चहा तसाच ठेवून उठले आणि थेट भाईच्या दुकानात. मशीन थांबवून त्यानं सांगितलं की शिपाई येऊन त्याला बैठकीला घेऊन गेला, तिथं सचिवांनी त्याच्याकडं बोट दाखवलं, हसले, सगळ्यांनी हात वर केले. त्याला वाटलं, आपला दुभाषी मंजूर झाला. म्हणून त्यानंही केला. घरी जाऊन बायकोलाही सांगून टाकलं होतं की आता दवाखान्यात आपलं ऐकणारं माणूस असेल.

खरं काय ते मी सांगितलं तेव्हा त्यानं हातातल्या कापडाची घडी केली. मग म्हणाला, तिला नको सांगू, दिवस भरत आलेत. मी म्हटलं, कधीही व्हिडिओ कॉल कर, मी दुभाषी.

मेळावा मार्चच्या शेवटी झाला. मांडव, खुर्च्या, फेटे आणि ऑर्केस्ट्रा. कर्णबधिरांच्या नावानं ठेवलेल्या पैशातून ऑर्केस्ट्रा, आणि पुढच्या रांगेत शाळेतून आणलेली न ऐकणारी पोरं गपगुमान बसवलेली. मी भांडायलाच गेले होते. माईक हातात आला की सगळ्यांसमोर ह्यांचे कपडे फाडायचे, असं ठरवून. भाईचाही सत्कार होता, पण तो दिसत नव्हता.

गाणं चालू असताना त्याचा कॉल आला. दवाखान्याचा व्हरांडा होता. सकाळीच आत नेलंय, काहीतरी सांगतात, मला कळत नाही, असं त्यानं एका हातानं सांगितलं आणि फोन सिस्टरच्या तोंडासमोर धरला. तिचे ओठ हलत होते. मला ढोलकीशिवाय काही ऐकू येईना. मी गेटकडं धावले, तर तिथंही कर्णा बांधलेला. मागं फिरले आणि सचिवांना हात जोडले, मी, त्या माणसापुढं हात जोडले, की दोन मिनिटं हे बंद करा, तिकडं बाई अडलीय.

"पाच मिनिटं मॅडम," ते गोड हसले. "पाहुणे साहेब आत्ताच बसलेत."

फोनमध्ये मी ओरडत राहिले. तिकडं सिस्टरला बाजाच ऐकू जात असणार. तिनं वैतागून फोन बाजूला केला.

मी रिक्षा केली. पोचले तेव्हा भाई औषधाच्या रांगेत उभा होता, हातात चिठ्ठी, आणि त्याला अजून काहीच माहीत नव्हतं. सिस्टर मला म्हणाली, "मुलगी झालीय. जरा अशक्त आहे म्हणून वर काचेच्या पेटीत ठेवलीय. ठणठणीत होईल. बाईला दहादा सांगितलं हो, ती ऐकतच नाही, नुसती हातपाय झाडते. सलाईन उपटून काढली."

मी आत गेले. सलाईन उपटू नये म्हणून तिचे दोन्ही हात पट्टीनं पलंगाच्या दांडीला बांधून ठेवले होते. मला बघून ती तोंडातून जो आवाज करायला लागली तो मला लिहिता येत नाही. गाठी घट्ट होत्या, मी दातांनी सोडवल्या. हात सुटल्या सुटल्या तिनं पहिली खूण केली ती ही: कुठं पुरलं?