भिंतीतल्या माद्या

मला एक मादी हवी होती आणि हातात दोन दिवस होते.

कोळ्यांचं वर्गीकरण हा माझा धंदा. जाळी विणणारा, आठ पायांचा कोळी. आमच्या भाऊबंदांत कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि पीएचडी झालेली अजून तरी एकटीच. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. गावाकडच्या लग्नात मावशी म्हणाली, "डॉक्टर व्हयनी ना तू? मंग मन्हा गुडघा देख." मी म्हटलं, "मावशे, आठ पाय असते तर पाहिला असता."

एरवी माझं काम सुरतेजवळच्या बारडोली, चलथाणच्या उसात. पाती झोडपून खाली धरलेल्या पांढऱ्या कापडावर कोळी पाडायचे, अल्कोहोलच्या बाटलीत घालायचे, प्रयोगशाळेत आणून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. कोळ्याची जात रंगावरून ठरत नाही, जननेंद्रियांवरून ठरते. हे वाक्य आईसमोर बोलायला मला बरीच वर्षं लागली.

पण ज्या नरासाठी मला मादी हवी होती, तो उसातला नव्हता. पर्वत पाटियाच्या मागे एक बंद पडलेलं लूमचं खातं आहे. सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याला खातंच म्हणतात. त्याच्या कुंपणाच्या भिंतीवर तो मला सापडला. त्याच्याशी जुळणारी एक जात फार पूर्वी नोंदवलेली आहे, पण फक्त मादीवरून. म्हणजे माझा नर एक तर अगदी नव्या जातीचा, नाही तर त्या जुन्या मादीचा आजवर न सापडलेला जोडीदार. त्याच खात्यातली मादी मिळाल्याशिवाय एक ओळही लिहिता येत नव्हती. इतकी वर्षं दुसऱ्यांनी नोंदवलेल्या जाती ओळखत आले होते. माझ्या नावावर एकही नव्हती. आणि परवा ते खातं पाडणार होते.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथे बारा वर्षं लूम चालवली. त्यात कान गेले. मी निघाले तशी त्यांनी चपला घातल्या. "मन्हं खातं शे," म्हणाले. विषय संपला.

भर दुपार होती. दारावरचा वॉचमन म्हणाला, "बेन, अंदर कंई नथी. करोळिया छे."

"कोळ्यांसाठीच आलेय," मी म्हटलं. त्याने आबांकडे असं पाहिलं, की बिचाऱ्याची पोरगी अशी कशी.

मशीनं भंगारात गेली होती. जमिनीत प्रत्येक लूमचे चार बोल्ट तेवढे उरले होते, आणि तेलाचे डाग. पत्र्याच्या भोकांतून ऊन पडलेलं. भिंतीच्या विटांमध्ये भेगा, आणि प्रत्येक भेगेच्या तोंडाशी जाळ्याची बारीक नळी. शेकड्यांनी. मी बॅटरी मारली. प्रत्येक नळीच्या काठावर दोन पायांची टोकं टेकलेली होती. अशा नळीत राहतात त्या माद्या, आणि सगळ्या जाग्या होत्या.

आम्ही एक चिमटा, म्हणजे नादकाटा, वापरतो. वाजवला की तो थरथरतो, जाळ्याला टेकवला की कोळ्याला वाटतं माशी अडकली, आणि तो धावत येतो. मी दोन तास चिमटा वाजवला. एकही आली नाही. टोकं हललीसुद्धा नाहीत. सुई घातली की ती शांतपणे आत जायची आणि सुई काढली की परत काठावर. दोन विटा फोडल्या, आत नुसती माती.

घामाने चष्मा घसरत होता. मागे वळून पाहिलं तर आबा बोल्टांच्या दोन चौकड्यांच्या मधे उभे. पाय फाकवून, एक तळवा लोखंडी खांबावर. कान गेल्यावर ते मशीनची तब्येत अशीच ओळखायचे, तळव्याने.

"हाई मन्ही जागा शे," ते म्हणाले. मग म्हणाले, "मशीन चालू व्हयनं का त्या बाहेर येतस."

"आता कुठे मशीन, आबा!" मी म्हटलं, पण ते माझ्या ओठांकडे बघत नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि बोटांच्या पेरांनी खांबावर ठोका धरला. खटक खट, खटक खट. आवाज मोठा नव्हता. त्या ठोक्याबरोबर त्यांचे खांदे हलत होते, धोटा इकडून तिकडे जावा तसे.

पहिली आली ती माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. पूर्ण वाढलेली मादी. मग तिच्या खालची. मग भिंतीचा रंग बदलला. चारही भिंतींचा. कुठेही खसफस नाही.

"उन्यात ना?" आबांनी विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

या कुळातले कोळी मी प्रयोगशाळेत पाळलेत. दीड वर्षाच्या वर जगत नाहीत. खातं बंद होऊन सात वर्षं झाली. यातल्या एकीनेही लूम अनुभवली नव्हती. त्यांच्या आयांनीही नाही.

चार माद्या मी बाटलीत घेतल्या. बूच लावलं. "बस, आबा," मी ओरडले. त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. ठोका वाढला. भिंतीवरच्या खाली उतरायला लागल्या, जमिनीवरून बोल्टांपर्यंत आल्या, आणि एकेका चौकडीभोवती जमल्या. मी धावत जाऊन आबांचं मनगट धरलं.

कंप थांबला की कोळी पळतो. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. त्या पळाल्या नाहीत. जिथे होत्या तिथेच थांबल्या. आम्ही पाऊल जपून टाकत, मागे मागे सरकत दारापर्यंत आलो.

"बंद कशाले कयं?" आबा माझ्यावर चिडले. "त्या वाट देखी राहिन्यात."

जात नवी निघाली. जुन्या मादीचे अवयव वेगळे, माझ्या चौघींचे वेगळे. शंकेला जागा नाही. लेख छापून आला. त्या जातीपुढे आमचं आडनाव कायमचं लागलं. छापील पान आबांनी मागून घेतलं, आणि आमचं आडनाव कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला लावलं. नमुने कसे मिळवले, या रकान्यात मी लिहिलं, भिंतीच्या भेगांतून. खांबाचं काही लिहिलं नाही. लिहिते तर कुणी छापलं नसतं, आणि मीही दुसऱ्याचं छापलं नसतं.

आता तिथे पार्किंग आहे. आणखी नमुने पाहिजेत, असं मला दोघा अभ्यासकांनी कळवलंय. ते रास्तच आहे. चार माद्यांवर जात टिकते, पण अभ्यास होत नाही. मी आसपासची सगळी बंद खाती पालथी घातली. दोन ठिकाणी भेगांच्या तोंडाशी तशाच नळ्या आहेत, काठावर तशीच टोकं. चिमट्याला ती हलत नाहीत.

आबा घरीच असतात. सांगितलं तर लगेच चपला घालतील. मी अजून सांगितलेलं नाही.