लेकीच्या लिंकवरून

मी कापसावरचे व्हिडीओ करायचे तेव्हा लोकांना वाटायचं, मोबाईलसमोर बडबडायला काय लागतं. खरंच फार काही लागत नाही. घसा लागतो, आणि घरातून 'झालं का तुझं' अशी हाक येईपर्यंतची सवड. शेतीची पदविका झाली होती, लग्न होऊन मलकापुरात आले होते, नोकरी कुठं मिळत नव्हती. मग आपल्या वऱ्हाडीत बोंडअळीवर बोलत सुटले. बीटी बियाणं आलं तेव्हा अळीचा प्रश्न कायमचा मिटला असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. पुढं गुलाबी अळी बीटीलाही जुमानेनाशी झाली आणि माझ्यासारख्या दीडशहाणीला ऐकणारे लोक मिळाले.

ऐकणारे मिळाले की विकणारे येतातच. आधी आलं एक ऑनलाइन नेटवर्क. त्यांच्याकडे फवारणी पंपापासून ताडपत्रीपर्यंत कितीतरी कंपन्यांचा माल. आपण हव्या त्या मालाची लिंक व्हिडीओखाली टाकायची, तिच्यावरून कुणी काही मागवलं की आपल्याला कमिशन. माणूस म्हणून कुणी भेटत नाही. मग फोन आला मलकापुरातल्याच एका कृषी केंद्रवाल्या चाचांचा. माझे प्रेक्षक लिंकवर बोट ठेवतच नव्हते म्हणे. चालू व्हिडीओचा फोटो काढायचे आणि तो चाचांच्या काउंटरवर धरून 'या बाईनं सांगतलं ते द्या' म्हणायचे.

"बेटी, गिऱ्हाईक तुहं, दुकान माहं, आन मधात हे तिसरं कोन? तू सीधी माह्यासंगं काम कर."

चाचांच्या अटी साध्या होत्या. मी सांगेन तो माल ते ठेवणार. मी आठवड्यातून दोन दिवस दुकानात बसायचं, व्हिडीओत दुकानाचं नाव घ्यायचं, आणि माल बिघडला तर गिऱ्हाइकाला तोंड द्यायला त्यांच्या शेजारी उभं राहायचं. या शेवटच्या अटीपाशी माझं पाऊल अडलं. आधीच मी कंटाळले होते. रोज कुणीतरी फोनवर आपल्या वावराचं रडगाणं सांगायचं आणि 'ताई, आता काय करू' विचारायचं. नेटवर्कात एवढं बरं होतं की चुकलं तरी दारात कुणी येत नाही. घरी मात्र मी सांगितलं, नेटवर्ककडे माल जास्त आहे. चाचांना गोड बोलून नाही म्हटलं.

त्या हंगामात मी कामगंध सापळ्यांवर व्हिडीओ केला. सापळ्यात मादीच्या वासाची एक छोटी गोळी टांगतात, त्या वासाला नर पाखरं येऊन अडकतात. किती अडकली ते पाहून फवारणी कधी करायची ते ठरतं. खाली सापळ्याची लिंक दिली. तो मी स्वतः मागवून पाहिला नव्हता. पानावर कापसाच्या बोंडाचा फोटो होता, 'बोंडअळीसाठी' असं लिहिलं होतं, मला तेवढं पुरलं.

लिंकवरून मागवणारे मोजकेच निघाले. त्यातले एक माझे बाबा. रोहिणखेडच्या पुढं आमचं गाव. बाबांना स्मार्टफोन नीट चालवता येत नाही, पण शेजाऱ्याला समोर बसवून त्यांनी ऑर्डर टाकून घेतली. दुकानात मिळतोय की, म्हणून शेजारी समजावत होता. बाबा म्हणाले, लेकीच्या लिंकवरूनच घ्यायचा.

मग सकाळी सकाळी त्यांचा फोन यायचा. "आजबी एक पाखरू नाई, माय." मी म्हणायचे, मग फवारू नका बाबा, उगीच औषध कशाला. सापळे रिकामे ऐकून मला बरं वाटायचं. सासरी जेवताना मी सांगायचेसुद्धा, बघा, नीट पाहणी केली की फवारण्या वाचतात.

दसऱ्याला गेले तेव्हा बाबा मला वावरात घेऊन गेले. बोंडं बाहेरून हिरवीगार, भरलेली. त्यांनी एक तोडून नखानं उकललं. आत सरकी पोखरलेली आणि गुलाबी अळी. दुसरं उकललं, तिसरं उकललं. मी सापळ्यापाशी गेले, गोळीचं रिकामं पाकीट बाबांनी जपून काठीला बांधून ठेवलं होतं. त्यावर बारीक इंग्रजीत अळीचं नाव होतं. हिरव्या बोंडअळीचं. बीटीपुढं जिचं फारसं चालत नाही, ती. प्रत्येक अळीच्या मादीचा वास वेगळा असतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. बाबांचे सापळे दुसऱ्याच पाखराची वाट पाहत उभे होते आणि मी रोज फोनवर शाबासकी देत होते.

मी तिथंच त्यांना सगळं सांगितलं. गोळी चुकीची होती, मी पाहिली नाही, फवारू नका हेही मीच म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यांनी रागावावं असं फार वाटत होतं. ते हातातलं बोंड चुरत राहिले, मग म्हणाले, चाल, तुही माय जेवाले थांबली असन. गावात मात्र त्यांनी सांगितलं की सापळे त्यांनीच हट्टानं मागवले, लेक तर नको म्हणत होती. हे मला शेजाऱ्याकडून कळलं. ते ऐकून मला आणखीच लाज वाटली.

मलकापुरात आल्यावर लिंका काढून टाकल्या आणि चाचांकडे गेले. जागा अजून आहे का, विचारलं. त्यांनी काउंटरमागं एक खुर्ची सरकवली, चहा मागवला. हा सीधा धंदा काही सोपा नव्हता. उगवण कमी झाली की लोक यायचे, पंप गळला की यायचे, आणि मी नुसती ऐकून घ्यायचे. नेटवर्कपेक्षा दमायला दुप्पट व्हायचं. पण प्रत्येक पाकीट देण्याआधी मी त्यावरचं नाव वाचायचे, गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचे.

पुढच्या पोळ्याच्या आधी बाबा दुकानात आले. बाजाराला आलो होतो म्हणाले. सापळ्याच्या गोळ्या पाहिजे होत्या. मी स्वतः उठले, गुलाबी अळीच्या गोळ्या काढल्या, नाव वाचलं आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं, उलटंपालटं केलं आणि माझ्यावरून हात लांब करून चाचांपुढं धरलं.

"भाई, हे गुलाबीचीच व्हय ना?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची लेक हाय ना इथं, तिलेच इचारा."

"तिले कायले तरास," बाबा म्हणाले, आणि खिशातून चष्मा काढून एकेक अक्षर लावत स्वतःच वाचायला लागले.